शिष्यवृत्तीधारक विद्यार्थी आणि त्याचा पाठीराखा शिक्षक

तीन वर्षांमागची गोष्ट. एका शाळेच्या तपासणीस गेलो असता ओसरीच्या भिंतीवर रंगविलेला एक फलक दृष्टीस पडला. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीस पात्र ठरलेल्या चार विद्यार्थ्यांची नावे त्यावर सुबक अक्षरांत लिहिली होती. शाळा लहान, आठवीपर्यंतची. तीतून एका वर्षी चार मुले निवडली जावीत ही गोष्ट कौतुकाचीच होती. मुख्याध्यापकांस सहज विचारले, ही चार मुले आज कोठे आहेत? तिघांची माहिती त्यांनी दिली. चौथे नाव तांड्यावरील एका मुलीचे होते. तिच्याविषयी ते म्हणाले, "शेजारच्या गावच्या हायस्कुलात गेली, पुढचे काही कळले नाही."

चौकशी केली तेव्हा कळले ते असे: मुलगी नववीत नियमित जात होती, परंतु शिष्यवृत्तीचा एक रुपयाही तिला मिळालेला नव्हता. नववीत जो अर्ज भरावयाचा, तो भरलाच गेला नाही. नव्या शाळेस वाटले, निवड जुन्या शाळेतून झाली, तेव्हा अर्जही त्यांनीच भरला असेल. जुन्या शाळेस वाटले, मुलगी आता त्यांच्या पटावर आहे, ते पाहतील. वडिलांस तर असा काही अर्ज असतो हेच ठाऊक नव्हते. परीक्षा उतरली म्हणजे पैसे येणार, एवढेच त्यांना कोणीतरी सांगितले होते. मुदत टळून गेली आणि चार वर्षांचे अठ्ठेचाळीस हजार रुपये त्या घरापर्यंत पोहोचले नाहीत. ह्यात दोष दोन्ही शाळांचा म्हणावा, तर निवडयादी माझ्याही मेजावरून गेली होती. मी ती वाचली, अभिनंदनाचे पत्र लिहिले आणि यादी धारिकेत लावून टाकली.

तेव्हापासून ह्या योजनेचा विचार मी परीक्षेच्या बाजूने न करता परीक्षेनंतरच्या बाजूने करू लागलो.

योजनेची माहिती बहुतेक शिक्षकांस आहे. तथापि ती तुटक असते, म्हणून प्रथम थोडक्यात सांगतो. केंद्र शासनाने २००८ साली ही योजना सुरू केली. गरीब घरची हुशार मुले आठवीनंतर शाळा सोडतात, ती बारावीपर्यंत टिकावीत हा तिचा हेतू. देशात दरवर्षी १,००,००० नव्या शिष्यवृत्त्या देण्याची तरतूद असून त्यांपैकी ११,६८२ महाराष्ट्राच्या वाट्यास आहेत. आरंभी महिना ५०० रुपये मिळत. २०१७ पासून महिना १,००० म्हणजे वर्षास १२,००० रुपये मिळतात, आणि ते नववी ते बारावी अशी चार वर्षे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांहून अधिक नसावे, आणि विद्यार्थी शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या वा अनुदानित शाळेत शिकत असावा. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये, सैनिकी शाळा येथील विद्यार्थी, तसेच शासकीय वसतिगृहात राहण्या-जेवणाची सोय घेणारे विद्यार्थी ह्या योजनेत बसत नाहीत. हा शेवटचा नियम आदिवासी भागातील शिक्षकांनी नीट ध्यानी ठेवावा. घरून येणारा मुलगा आणि वसतिगृहात राहणारा मुलगा एकाच बाकावर बसत असले, तरी पात्रता दोघांची सारखी नसते.

परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेमार्फत आठवीत असताना, साधारणतः डिसेंबर महिन्यात होते. बौद्धिक क्षमता कसोटी व शालेय क्षमता कसोटी अशा दोन प्रश्नपत्रिका, प्रत्येकी ९० प्रश्न व ९० मिनिटे. दोन्ही मिळून किमान ४० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांस ३२ टक्के. एवढे गुण मिळाले म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली असे मात्र नव्हे. निवड जिल्ह्याच्या कोट्यातून व प्रवर्गानुसार होते. ह्याचा अर्थ असा, की तुमच्या वाडीवरच्या मुलाची स्पर्धा पुण्या-मुंबईच्या मुलाशी नसून स्वतःच्या जिल्ह्यातील, स्वतःच्या प्रवर्गातील मुलांशी आहे. पालकांस हे समजावून सांगितले, तर "आपल्याच्याने काय होणार" हा सूर पुष्कळ खाली येतो.

महात्मा फुले ह्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात शिष्यवृत्त्यांचाही विचार आहे. केवळ चढाओढीने शिष्यवृत्त्या वाटल्या, तर ती रीत वरवर न्यायाची दिसते. पण ज्यांच्या घरी विद्येची गोडी आधीच लागली आहे त्यांच्याच पदरात त्या पडतात, म्हणून ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेले नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखाव्यात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. प्रवर्गवार कोट्याने त्या मागणीचा काही अंश कागदावर तरी पुरा झाला आहे. परंतु मूल परीक्षेस बसेल तरच कोट्याचा उपयोग. आणि कोणी बसावयाचे हे शासन ठरवीत नाही, आपण ठरवितो.

हे आपण कसे ठरवितो? परीक्षेस बसण्यासाठी सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के. म्हणजे पहिले दार सातवीच्या निकालपत्रकात आहे. ज्या मुलाची तोंडी उत्तरे चांगली पण वही अपुरी, ज्याची हजेरी पेरणी-काढणीच्या दिवसांत तुटलेली, त्याचे मूल्यमापन आपण घाईने केले, तर पुढे आठवीत कितीही पश्चात्ताप झाला तरी त्यास बसविता येत नाही. गुण वाढवून द्यावेत असे मी मुळीच सुचवीत नाही. त्या मुलास जे येते ते दाखविण्याची संधी त्यास मिळाली होती काय, एवढेच पाहावे.

दुसरे दार आपल्या मनात आहे. "शाळेतून किती बसले, किती उतरले" ह्या प्रश्नाची धास्ती पुष्कळ मुख्याध्यापकांस वाटते आणि मग खात्रीची पाच मुले निवडून बाकीच्यांस घरी बसविले जाते. ही धास्ती निराधार नाही. तो प्रश्न आम्ही अधिकारीच विचारतो. माझ्यापुरते सांगावयाचे, तर मी आता प्रश्न बदलला आहे. पात्र किती होते व त्यांपैकी बसले किती, हे मी विचारतो. नापास झालेल्या मुलांविषयी मला विचारावयाचे नसते.

तिसरी अडचण ऊसतोडीची. बीड, अहिल्यानगर व आसपासच्या जिल्ह्यांतील शिक्षकांस ती सांगावयास नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आणि परीक्षा नेमकी मध्ये, डिसेंबरात. अर्ज भरताना मूल वर्गात असते, परीक्षेच्या दिवशी फडावर असते. ह्यावर उपाय एकच दिसतो: कोयते निघण्यापूर्वी शिक्षकाने घरी जावे, मुकादमाची उचल घेतली गेली असेल तर त्यात ढवळाढवळ न करता मूल आजीजवळ किंवा चुलत्याजवळ मागे राहू शकेल काय, हे शांतपणे विचारावे. राहणे शक्यच नसेल, तर टोळी कोणत्या कारखान्यावर जाणार, परीक्षेपुरते मूल परत कसे आणता येईल, हे तेव्हाच ठरवून ठेवावे. उत्पन्नाचा दाखलाही वडील गावात असतानाच काढावा. तो तहसील कार्यालयातून मिळतो. नंतर वडिलांची सही आणावयास दीडशे कोसांवर कोण जाणार?

आता कसोटीच्या तयारीविषयी. शालेय क्षमता कसोटीत सामान्य विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ व गणित २० अशी प्रश्नांची वाटणी आहे; अभ्यासक्रम सातवी-आठवीचाच. वर्गात नीट शिकविले असेल तर वेगळे काही लागत नाही. मुले अडखळतात ती बौद्धिक क्षमता कसोटीत, आणि माझ्या पाहण्यात ती विचाराशी अडत नाहीत, शब्दांशी अडतात. एका मुलास "विसंगत घटक ओळखा" हा प्रश्न दिला. तो नुसता पाहत राहिला. त्यालाच म्हटले, "ह्या चौघांत बाहेरचा कोण?" तत्क्षणी त्याने बोट ठेवले. ज्यांच्या घरी गोरमाटी, भिली, गोंडी किंवा कोलामी बोलतात, त्यांस तर "समसंबंध", "विसंगत", "क्रमाने येणारे पद" हे शब्द परक्या गावच्या पाट्यांसारखे असतात. असे वीस-पंचवीस शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहून रोज दोन ह्याप्रमाणे मुलांच्या बोलीतून उलगडले, तर महिन्याभरात निम्मी भीती जाते.

उलट काही बाबतींत खेड्यातील मूल शहरी मुलापेक्षा पुढे असते आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. नातेसंबंधांवरील प्रश्न घ्या. "माझ्या आईच्या भावाच्या बहिणीचा मुलगा" असे कोडे घातले, की शहरातले मूल कागदावर रेघा ओढू लागते. आपल्या वाडीवरच्या मुलीस आत्या, मावळण, जाऊ, नणंद, साडू सारे तोंडपाठ असते, कारण लग्नघरात मानपान कोणाचा आधी ह्याची चर्चा तिने चुलीशी बसून ऐकलेली असते. आरशातील प्रतिमा व आकृत्यांची सममिती ठिपक्यांच्या रांगोळीवरून शिकविता येते. उत्तरपत्रिकेतील वर्तुळे रंगविण्याचा सराव मात्र मुद्दाम द्यावा लागतो. एक प्रश्न सोडला आणि वर्तुळ सोडावयाचे राहिले, तर पुढची सगळी उत्तरे एका घराने सरकतात. असे झालेली हुशार मुले मी पाहिली आहेत.

निवडयादी लागली म्हणजे शाळेत पेढे वाटले जातात. शिक्षकाचे खरे काम त्या दिवशी सुरू होते, परंतु त्याच सुमारास मूल आपल्या पटावरून उतरलेले असते. ह्या योजनेतील मोठी फट हीच आहे: परीक्षा आपल्या शाळेत, पैसा दुसऱ्या शाळेत. पहिला अर्ज नववीतच राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर करावयाचा असतो. दहावीत गेल्यावर प्रथम अर्ज करता येत नाही. अर्ज प्रथम शाळेने व नंतर जिल्हास्तरावर तपासला जातो. पुढे दरवर्षी नूतनीकरण. नववीतून दहावीत जाताना पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण व्हावे लागते. दहावीस ६० टक्के, अनुसूचित जाती-जमातींस ५५ टक्के गुण पडले तर अकरावीत शिष्यवृत्ती चालू राहते. अकरावीतून बारावीतही पहिल्याच प्रयत्नात जावे लागते. मधेच विनाअनुदानित शाळेत नाव घातले, किंवा दहावीनंतर पदविका वा औद्योगिक प्रशिक्षणाकडे वळले, तर शिष्यवृत्ती थांबते. तिकडे वळू नये असे नव्हे; पण वळण्यापूर्वी मुलास हे ठाऊक असावे.

शिवाय लहानसहान अडचणी. आधारपत्रावर "गणेश", शाळेच्या दाखल्यावर "गनेश". नावात एक अक्षर इकडचे तिकडे झाले की पैसा वाटेत अडतो. नोंदणीस दिलेला भ्रमणध्वनी क्रमांक हा नेहमीचा घोटाळा. घरात फोन नसतो किंवा दर सहा महिन्यांस क्रमांक बदलतो, म्हणून सेवाकेंद्रावरील मुलगा स्वतःचाच क्रमांक टाकून देतो. पुढच्या वर्षी संकेतांक त्याच्या फोनवर येतो आणि तो तर दुकान बंद करून शहरात गेलेला असतो. अशा कारणाने ज्याचे नूतनीकरण राहिले, तो मुलगा नापास झालेला नाही, गैरहजर राहिलेला नाही, त्याने काहीही चूक केलेली नाही.

येथे कोणी म्हणेल, की मूल दुसऱ्या शाळेत गेले, आता त्याची जबाबदारी आमच्यावर कशी? नियमाने नाही, हे खरे. परंतु आपल्या महाराष्ट्रातील शिष्यवृत्तीचे जे सर्वांत मोठे उदाहरण, त्यात पाठीराखा शिक्षक विद्यार्थ्याच्या शाळेचा नव्हता. कृष्णराव अर्जुन केळूसकर हे मुंबईस विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत सायंकाळी ते वाचीत बसत. तेथेच एल्फिन्स्टन हायस्कूलचा एक मुलगा पुस्तकात डोके घालून बसलेला त्यांच्या नजरेस पडे. त्यांनी त्याची विचारपूस केली, त्यास पुस्तके दिली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा भरलेल्या अभिनंदनाच्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यास भेट दिले. पुढे कॉलेजात असता पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा केळूसकरच त्यास घेऊन सयाजीराव गायकवाड महाराजांकडे गेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. १९१३ साली ते अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले तेही बडोदे संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर. महाराजांचे औदार्य सर्वांस ठाऊक आहे. केळूसकरांचे काम आपल्या आवाक्यातले आहे: मुलगा दिसला, त्याची माहिती ठेवली, आणि अडचण आली तेव्हा त्यास योग्य दारापर्यंत नेले.

ह्यासाठी मी माझ्या बीटातील शाळांत एक साधी वही सुरू केली आहे. नवा तक्ता नाही, नवे विवरणपत्र नाही. शंभर पानी वही. प्रत्येक शिष्यवृत्तीधारकास चार पाने, एका वर्षास एक. वर नाव, नववीची शाळा, तेथील वर्गशिक्षकाचे नाव, नोंदणी क्रमांक, बँकखात्याचे शेवटचे चार अंक, आणि घरी कायम राहणाऱ्या एका माणसाचा दूरध्वनी. बहुधा ती आजी असते किंवा किराणा दुकानदार. खाली त्या वर्षी मुलास कधी भेटलो व काय कळले, एवढेच. वर्षातून तीन भेटी पुरेत: शाळा सुरू झाल्यावर, अर्जाच्या मुदतीत आणि रक्कम जमा झाली काय हे पाहण्यासाठी. बाजाराच्या दिवशी तालुक्यास गेलो असता हायस्कुलात डोकावले, तरी एक भेट होऊन जाते. आरंभी काही हायस्कुलांस आमचे हे डोकावणे रुचले नाही. त्यांस तक्रार म्हणून न जाता "आमची मुलगी तुमच्याकडे आहे" असे म्हणत गेलो, तेव्हा चहा मिळू लागला.

भेटीत पैशाविषयीही बोलावे. महिना हजार म्हणतात, पण रक्कम दरमहा येत नाही. वर्षाची एकदम येते, आणि बहुधा उशिरा. हे न सांगितल्यास घरचे लोक जूनपासून बँकेच्या खेपा घालून थकतात व मुलासच बोल लावतात. रक्कम आल्यावर ती खतात गेली किंवा आईच्या औषधात गेली, असेही घडते. अशा वेळी बापास उपदेश करू नये. त्याची अडचण खरी असते. रक्कम येण्यापूर्वीच बसून सायकल, पुस्तके, परीक्षेचे शुल्क ह्यांचा हिशेब मांडला, म्हणजे निदान निम्मी तरी मुलाच्या कामी येते.

मुलींच्या बाबतीत दहावीचा उन्हाळा हा कसोटीचा काळ होय. गावात अकरावी नाही, तालुका दूर, आणि स्थळे येऊ लागलेली. त्या उन्हाळ्यात शिक्षकाने अथवा शिक्षिकेने एकदा तरी घरी जावे आणि उपदेशाऐवजी माहिती न्यावी: मुलगी शिकत राहिली तर आणखी चोवीस हजार रुपये येणे आहेत, ग्रामीण भागातील मुलींस एस. टी. चा मोफत पास बारावीपर्यंत मिळतो. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत मुलींसाठी स्वतंत्र गाड्याही आहेत. एका घरी मी स्वतः गेलो होतो. बाप म्हणाला, "गुरुजी, पैशाचे नाही, रस्त्याचे भय आहे." मग त्याच रस्त्याने जाणाऱ्या आणखी दोन मुलींची घरे शोधली. तिघी मिळून जाऊ लागल्या, आणि तो विषय पुन्हा निघाला नाही.

आरंभी सांगितलेली तांड्यावरची मुलगी आज बारावी होऊन पुढे शिकत आहे. शिष्यवृत्ती तिला मिळाली नाही ती नाहीच. एका मामाने शुल्क भरले. तिच्या शाळेतील मुख्याध्यापकांनी भिंतीवरचा फलक तसाच ठेवला आहे, मात्र आता प्रत्येक नावापुढे एक रकाना वाढविला असून त्यात मूल सध्या कोणत्या वर्गात आहे ते खडूने लिहितात व दर जूनमध्ये पुसून नवे लिहितात.

एक अडचण उरते, ती आपल्या बदल्यांची. चार वर्षे मुलाच्या मागे राहावयाचे तर आपणच चार वर्षे त्या गावी असू असे नाही. म्हणून वही शिक्षकाच्या पिशवीत न ठेवता शाळेच्या कपाटात ठेवावी. प्रभार देताना साहित्य-यादीत तिची नोंद करावी. आणि शक्य झाल्यास नव्या शिक्षकास निदान एका मुलाच्या घरी सोबत नेऊन ओळख करून द्यावी. येत्या जूनपासून प्रभार-यादीत ही नोंद आहे किंवा कसे, हे मी तपासणीत पाहणार आहे.